अ‍ॅलिक डाउडच्या बंदुकीतली पाचर

१

गुरुवारी पाच वाजता ऑसी ट्रेथवी नेहमीप्रमाणे आपला मित्र लेन लस्क याच्या अंगणात शिरला. त्याच्या हातात भोपळ्याच्या स्कोन्सची पिशवी होती आणि दोघांचा दोस्त नेव्हिल याला मारायचा एक टोमणा आठवडाभर घोळवून तयार होता. दोन्ही वाया गेले.

लेन वर्कशॉपच्या सिमेंटवर उताणा पडला होता. डोक्यामागे रक्त होतं, कामाच्या बाकावर बसवलेल्या व्हाइसच्या, त्या जड लोखंडी पकडीच्या, कोपऱ्यावर रक्त होतं, आणि जवसाच्या तेलाचा डबा आडवा होऊन तेल दारापर्यंत गेलं होतं. डोक्याखाली कोणीतरी लेनचंच कातडी एप्रन नीट घडी घालून ठेवलं होतं. ऑसीने पोलिसात सदतीस वर्षं काढली होती, करबिन गावातले निम्मे मुडदे त्यानेच झाकले होते. या मुडद्याकडे मात्र त्याला बघवेना. त्याने मान वळवली आणि उगाचच बाकावर पाहिलं.

बाकावर अ‍ॅलिक डाउडची बंदूक होती.

घरामागच्या या पत्र्याच्या शेडमध्ये लेनने चाळीस जुन्या लष्करी बंदुका पुन्हा उभ्या केल्या होत्या. काहींना गंज चढलेला, काहींचं लाकूड वाळवीने खाल्लेलं. पण ही बंदूक म्हणजे त्याचा अकरा वर्षांचा ध्यास. कॉर्पोरल डाउड १९४३ साली न्यू गिनीत मेला. बायकोला लिहिलेल्या एका पत्रात त्याने आपल्या बंदुकीचा नंबर टाकला होता, तेवढ्या धाग्यावर लेनने ती हुडकली. डाउडची मुलगी हेदर, म्हणजे नेव्हिलची बायको, आता कर्करोगाने अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी दोन-तीन आठवडे सांगितले होते. पंचवीस एप्रिलला, सैनिकांच्या स्मरणदिनी, बापाची बंदूक गावच्या सभागृहात लागलेली तिला बघायची होती. त्यापुढचं तिने काही मागितलं नव्हतं.

मागच्याच गुरुवारी तिघं मित्र इथे बसले होते. लेनने दस्त्याच्या सांध्यावर बोट ठेवलं. खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता जिथे लोखंडी खोबणीत बसतो, तिथून कागदाची कड डोकावत होती.

"दस्ता डुगडुगत असणार. म्हणून डाउडने कागदाची पाचर ठोकलीय," लेन म्हणाला. "कडेवर शाई आहे. 'हेदर' एवढं वाचता येतं. आणि खाली 'माफ कर'."

नेव्हिलचा चेहरा उतरला. डाउडने स्वतःलाच गोळी घालून घेतली, अशी कुजबुज गावात पन्नास वर्षं होती. हेदर त्या कुजबुजीतच लहानाची मोठी झाली होती.

"मग काढ की बाहेर," ऑसी म्हणाला.

"छे! बंदुकीतून जे निघेल ते घरच्यांसमोर काढायचं. माझा नियम आहे. येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी हेदरच्या खाटेशी घेऊन जातो, तोवर बाकीचं आवरतो."

नेव्हिलने विषय बदलायला म्हणून बंदूक खांद्याला लावली. "हिचं भोक कुठाय रे? शाळेत परेडला आम्हाला बंदुका द्यायचे, त्यांना मागे, अगदी डोळ्यापाशी बारीक भोक असायचं. त्यातून नेम धरायचा."

"तुमच्या बेटावर मेंढ्या मोजायला लागत असेल," ऑसी म्हणाला. नेव्हिल स्टरॉक न्यूझीलंडहून आला त्याला तीस वर्षं झाली होती. गावातलं औषधाचं दुकान त्याचंच, तरी गावाच्या लेखी तो अजून बेटावरचाच होता. तो नेहमीसारखा हसला.

आता त्या बंदुकीचं नळीखालचं लांब लाकूड मागच्या टोकाला उभं चिरलं होतं. ती चीर पाहताच ऑसीला कळलं, की लेन इथे एकटा नव्हता.

२

"पाय तेलावरून घसरला, डोकं व्हाइसवर आदळलं. साडेतीनच्या सुमारास," डॉक्टर म्हणाले. मग चष्मा पुसत, ऑसीकडे न बघता म्हणाले, "पण लगेच नाही गेला. तासभर तरी होता. कोणी कळवलं असतं तर वाचला असता."

दवाखाना दहा मिनिटांवर होता. फोन शेडच्या भिंतीवरच होता.

टॅमसिन ब्रँट ऑसीच्या हाताखाली शिकलेली. आता ठाण्याची सार्जंट तीच होती, तरी हाक मारताना अजून त्यालाच सार्जंट म्हणायची. "अपघात दिसतो, सार्जंट."

"हे बघ." ऑसीने चिरेवर बोट ठेवलं. "दस्ता एका लांब स्क्रूने धरलेला असतो. दस्त्याच्या मागे पितळी पत्रा, त्याला छोटं झाकण, झाकणाआड लांब भोक. त्यातून स्क्रूड्रायव्हर घालून तो स्क्रू फिरवायचा. पण त्याआधी हे पुढचं लाकूड उतरवावंच लागतं. स्क्रूचं टोक चौकोनी असतं, ते या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. लाकूड न उतरवता फिरवलंस की कडाड."

"आणि लेन असं कधी करणार नाही."

"झोपेतसुद्धा नाही. दुसऱ्याच कोणीतरी दस्ता उघडायला गेलं. स्क्रू आत अडकून बसलाय, म्हणजे उघडलाही नाही. कागद आतच आहे."

"म्हणजे ज्याला या कामातलं काही कळत नाही असा माणूस."

"हो. अडाणी हाताचं काम आहे," ऑसी म्हणाला.

या एका वाक्यापायी त्याला पुढे झोप लागणार नव्हती. टॅमसिनला अडाणी हात शोधायला लांब जावं लागलं नाही. लेनच्या बहिणीचा मुलगा डॅरन, वय तीस, तुरुंगातून अटींवर सुटलेला. मामाचं काम शिकायचं म्हणून यायचा. गेल्या महिन्यात त्याने एक ऐंशी वर्षांचा दस्ता पॉलिश पेपरने असा घासला, की लष्कराचे सगळे शिक्के नाहीसे झाले आणि लाकूड नव्या खुर्चीसारखं चकाकायला लागलं. लेनने त्याला शेडबाहेर काढलं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. आणि आज साडेतीनला शेजारणीने त्याला याच गल्लीत पाहिलं होतं. तासाभरात डॅरन कोठडीत होता.

हेदरला सोडून निघता येईना म्हणून उशीर झाला, असं म्हणत नेव्हिल सव्वासहाला आला. बातमी ऐकून पायरीवर बसला आणि ओक्साबोक्शी रडला. ऑसीने आयुष्यभर खोटी रडणी पाहिली होती. हे रडणं खरं होतं. त्याने नेव्हिलच्या पाठीवर हात ठेवला.

घरी परतताना मात्र त्याला ते एप्रन आठवलं. भांडून, धक्का देऊन पळणारा माणूस मरणाऱ्याच्या डोक्याखाली घडी घालून उशी कशाला ठेवेल?

३

"माफी मागायला गेलो होतो," डॅरन म्हणाला. शुक्रवारची सकाळ होती. त्याच्यासमोरची न्याहारी तशीच निवत पडली होती. "दार लोटलेलं होतं. लेनमामा आत काम करत असणार, परत खेकसेल, असं वाटलं. धीर झाला नाही. परत फिरलो."

"कोणी दिसलं?"

"नाही. दिसलं असतं तर गप्प बसलो असतो का, सार्जंट?"

ऑसीने खिशातून कागद काढून त्यावर बंदुकीचं चित्र काढलं. चित्र काही धड नव्हतं. "दस्ता काढायचाय. कुठून काढशील?"

डॅरनने चित्र फिरवून पाहिलं आणि घोड्यामागच्या एका स्क्रूवर बोट ठेवलं. "हा सोडवला की निघेल ना?"

"नीट बघ."

"नाही? मग मला काय माहीत! मामाने मला पॉलिश पेपरच्या पुढे कधी येऊ दिलं? आणि पॉलिश पेपरनेच घात केला."

ऑसीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि पाठोपाठ स्वतःची लाज वाटली. बाकावरचं सगळं त्याने पाहिलं होतं, पण बघितलं चिरेकडेच. पितळी झाकण नीट उघडलेलं होतं. भोकातली चामड्याची चकती आकड्याने ओढून बाजूला ठेवलेली होती. भिंतीवरच्या तीस स्क्रूड्रायव्हरांतून नेमका सर्वांत लांब, लेनने त्याच कामासाठी घासलेला, तेवढाच उतरवलेला होता. अडाणी हाताला एवढी वाट ठाऊक नसते. डॅरनला तर ती वाट कुठून सुरू होते तेही ठाऊक नव्हतं.

म्हणजे वाट माहीत असलेला माणूस. पण वाट माहीत असलेला माणूस ते लाकूड कसं विसरेल?

"उद्या मला शहरातल्या मोठ्या तुरुंगात नेतायत," डॅरन म्हणाला. "सुटकेची अट मोडली म्हणे. सार्जंट, मी गेल्या खेपेला आत कसे दिवस काढले ते तुम्हाला सांगितलं नाहीये. या खेपेला मी बाहेर येणार नाही."

त्याचा आवाज अगदी सपाट होता. असा आवाज ऑसीने कोठडीत दोनदा ऐकला होता, आणि दोन्ही पोरांची प्रेतं त्यालाच आयांच्या ताब्यात द्यावी लागली होती.

४

रेक्स कोकूहन जुन्या बंदुकांचा व्यापारी. डाउडची बंदूक एका साठ्यात ओळखून लेनला त्यानेच कळवली होती, आणि नंतर एका संग्रहालयाला हवी म्हणून परत मागत होता. बातमी ऐकून तो शुक्रवारी दुपारी सिडनीहून आला आणि पबमध्ये उतरला. ऑसीने त्याला तिथेच गाठलं.

"काल दुपारी कुठे होतास?"

"डब्बो शहरात. लिलावात, दोनशे माणसांसमोर. हवं तर विचारून घे." रेक्सने तोंडातला घास गिळून पुढचा घेतला. "माझ्यावर संशय घेतलास त्याचं काही नाही. पण ते लाकूड मी चिरेन? त्यापेक्षा मी स्वतःची नडगी फोडून घेईन."

"मग मला सांग. झाकण उघडलं, चकती काढली, बरोबर स्क्रूड्रायव्हर निवडला. एवढं येणारा माणूस पुढचं लाकूड उतरवायला विसरतो?"

रेक्स चावायचा थांबला. व्यापारी असला तरी माणूस मनापासून त्यातला होता. प्रश्नाने त्याला गुदगुल्या झाल्या.

"विसरतो नाही. त्याला ते कधी करावंच लागलं नसेल."

"म्हणजे?"

"म्हणजे तो दुसऱ्या बंदुकीवर शिकलाय. नंतरचं मॉडेल. दिसायला हिची सख्खी बहीण, दस्ता तसाच, झाकण तसंच, स्क्रू तसाच. पण तिच्यात ती पट्टीची भानगड नाही. दस्ता सरळ मागून निघतो, पुढच्या लाकडाला हातही लावायला नको. तिच्यावर शिकलेला माणूस हिला हात लावेल तर हमखास फोडेल. आणि फोडेपर्यंत आपलं काही चुकतंय हे त्याला कळणारसुद्धा नाही."

"इथे कोणाकडे आहे तसली?"

"आपल्याकडे ती बनलीच नाही. आपल्या पोरांना शाळेत काय, सैन्यात काय, ही जुनीच. ती बाहेरची."

"दोघींतला फरक कसा ओळखायचा?" ऑसीने विचारलं. विचारता विचारताच त्याला उत्तर नको झालं.

"लांबूनसुद्धा ओळखू येते. हिचा नेम नळीवर पुढे. तिचा मागे, डोळ्यापाशी. बारीक भोक असतं."

रेक्स पुढे बरंच काही बोलत राहिला, संग्रहालयाबद्दल असावं. ऑसीच्या डोळ्यांसमोर मात्र गेल्या गुरुवारी खांद्याला बंदूक लावून भोक शोधणारा नेव्हिल होता. बायको वारल्यापासून ऑसीला या जगात दोनच माणसं उरली होती. त्यांतलं एक काल गेलं. दुसऱ्याच्या घराकडे तो पायीच निघाला, तेवढाच उशीर व्हावा म्हणून.

५

नेव्हिल स्वयंपाकघरात हेदरचं औषध मापत होता. पेला डोळ्यांसमोर धरून, थेंबाचाही फरक होऊ नये म्हणून श्वास रोखून. आतून हेदरचा खोकला ऐकू आला.

"बस. चहा टाकतो. आणि हळू बोल, लेनला फ्लू झालाय असं सांगितलंय तिला."

"नेव्हिल, शाळेतल्या त्या बंदुकीचा दस्ता कसा काढायचात रे तुम्ही?"

नेव्हिलने पेला खाली ठेवला. बाटलीला झाकण लावलं, ते दोनदा घट्ट केलं.

"झाकण, चकती, लांब स्क्रूड्रायव्हर," तो म्हणाला. "डोळे बांधून करायचो. मला काय माहीत, की इथे..." तो खुर्चीत बसला. "तीनला लेन घरात रेडिओवर रेस ऐकतो, ते ठाऊक होतं. पाच मिनिटांचं काम होतं, ऑसी. तो कागद काढायचा, दुसरा कोरा घालायचा. जन्मभर ती सांगत आली, माझा बाप लढताना मेला. आता जाता जाता तिच्या हातात काय द्यायचं? बापाच्या अक्षरातलं 'माफ कर'?"

"मग?"

"कडाडलं. लेन धावत आला. ओरडला असता तर बरं झालं असतं. नुसता चिरेवरून बोट फिरवत राहिला. म्हणाला, अकरा वर्षं, नेव्हिल. मी म्हटलं, कागद तरी काढू दे. त्याने बंदूक ओढली, मी ओढली. तेलाचा डबा पडला, त्याचा पाय सरकला."

"आणि एप्रन?"

नेव्हिलने मान खाली घातली. "श्वास चालू होता."

"तू औषधवाला माणूस! फोन तुझ्या डोक्यावर भिंतीला!"

"चार वाजत आले होते. तिचं चारचं औषध असतं, ते चुकलं की ती किंचाळते. म्हटलं, देऊन येतो, मग कळवतो. दिलं. ती झोपली. मी या खुर्चीत बसलो आणि मला उठताच येईना. पाच वाजले. तू पोचला असशील असं वाटलं."

ऑसीला त्याला मारावंसं वाटलं आणि जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्ही जमलं नाही.

"ती जाईपर्यंत थांब," नेव्हिल म्हणाला. "पंधरा दिवस. मग मी आपल्या पायाने टॅमसिनकडे जातो. तुझी शपथ."

"डॅरनला उद्या नेतायत."

"तो तसाही वाया गेलेलाच आहे, ऑसी."

हे मात्र नेव्हिलने बोलायला नको होतं. ऑसीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "लेनचा भाचा आहे तो! आणि त्याला आत घालणारा मी आहे. माझ्या एका वाक्याने गेलाय तो आत. तिथे तो पंधरा दिवस जगायचा नाही."

तो उठला आणि भिंतीवरच्या फोनवरून ठाण्याचा नंबर फिरवला. सदतीस वर्षं तो स्वतः तिकडून उचलत आला होता. नेव्हिल आडवा आला नाही. त्याने फक्त विचारलं, "सहाचं औषध तरी मला देऊ देशील?"

६

टॅमसिन गणवेशावर साधं जाकीट चढवून आली. डॅरनला सोडायचं फर्मान तिने निघतानाच दिलं होतं. ऑसीने सांगितल्याप्रमाणे तिने ती बंदूकही आणली होती, लेनच्या हत्यारांच्या गुंडाळीसकट.

"लेनच्या नियमाने होऊ दे," ऑसी म्हणाला. "घरच्यांसमोर."

हेदर उशांना टेकून बसली होती. अंगात हाडं तेवढी उरली होती, पण बंदूक पाहून डोळे चमकले. "अगंबाई, टॅमसिन पण? एवढी माणसं? आणि लेनचा फ्लू कधीपर्यंत चालणार? की माझा आजार लागेल म्हणून घाबरला?"

ऑसीने चिरलेली बाजू स्वतःकडे धरली. आधी पुढचं लाकूड उतरवलं, जसं लेन उतरवायचा तसं, घाई न करता. मग झाकणातून स्क्रूड्रायव्हर घातला. अडकलेला स्क्रू कुरकुरला आणि सुटला. दस्ता हातात आला आणि खोबणीतून तेलाने तपकिरी झालेली कागदाची घडी खाली पडली.

"नेव्हिल, तू वाच. मला आता अक्षरं दिसत नाहीत," हेदर म्हणाली.

नेव्हिलने टॅमसिनकडे पाहिलं. तिने मानेनेच हो म्हटलं. तो खाटेच्या कडेवर बसला आणि वाचू लागला.

"'...पाऊस थांबायचं नाव नाही. बूट पायातच कुजले. बंदुकीचा दस्ता डुगडुगतोय आणि दुरुस्तीवाला आठ मैल मागे आहे, तेव्हा हे पत्र बहुतेक त्या फटीतच ठोकीन आणि तुला उद्या नवं लिहीन. हेदरला सांग, तिच्या लाकडी घोड्याचा पाय जोडायचा राहूनच गेला. बाबाला माफ कर म्हणावं. आल्यावर पहिलं काम तेच. सरस आणून ठेव...'"

पुढे काही नव्हतं. कागद तिथेच संपला होता.

"एवढंच?" नेव्हिल म्हणाला. त्याने कागद उलटा केला, परत सुलटा केला. "एवढंच आहे?"

"एवढंच काय रे! अजून काय हवं?" हेदर हसत होती, रडत होती. "तो घोडा माळ्यावर आहे माझ्या आईच्या ट्रंकेत. तीन पायांचा. सरस आणून ठेव म्हणतो! ऐकलंस ना, टॅमसिन? सरस आणायला सांगणारा माणूस स्वतःला गोळी घालेल का? आता सांगा जाऊन गावाला. वाच ना परत."

नेव्हिलने परत वाचलं. 'माफ कर'पाशी त्याचा आवाज गेला आणि तो नुसते ओठ हलवत राहिला. हेदरला वाटलं, आनंदाने. तिने त्याचा हात आपल्या हातात घेतला. दाराशी उभी असलेली टॅमसिन जमिनीकडे बघत होती. घोड्याच्या एका पायापायी लेन सिमेंटवर तासभर मरत पडला होता, आणि हे खोलीतल्या तिघांना ठाऊक होतं, चौथीला नव्हतं.

सहा वाजले. नेव्हिलने औषध मापून दिलं. पेला धुऊन पालथा घातला, आपलं जाकीट खुंटीवरून काढलं आणि टॅमसिनशेजारी जाऊन उभा राहिला.

"दुकानात निघालास?" हेदरने विचारलं. "ये लवकर. आणि ऑसी, तू लेनला फोन लाव. फ्लू असू दे नाहीतर काही असू दे, मला त्याच्याशी बोलायचंय. हे त्याने मिळवून दिलं मला. नंबर पाठ आहे ना तुला?"

"पाठ आहे," ऑसी म्हणाला.

तो स्वयंपाकघरात गेला आणि नंबर फिरवला. बाहेर गाडीची दारं लागली, गाडी सुरू झाली आणि कोपऱ्यावर वळली. तिकडे लेनच्या रिकाम्या घरात घंटा वाजत होती. "उचलला का रे?" हेदरने आतून विचारलं. ऑसी फोन कानाला धरून तसाच उभा राहिला, कारण तो खाली ठेवला की आत जाऊन तिला सगळं सांगावं लागणार होतं.